आईच्या दमणीला कमानी

भाताचा दाणा दुधातून घट्ट होऊ लागला, की माजिवड्याच्या हवेला एक गोडसर, कच्चा वास येतो. पाऊस आटोपलेला असतो, पण बांधांच्या फटींतून पाणी अजून बोलत असतं. खाडीकडून येणारा वारा खारट आणि शेतावरून येणारा गोड, आणि आमचं घर बरोबर दोहोंच्या मधे. परवा सकाळी खिडकी उघडली आणि तो वास आत आला. लगेच माझ्या तळव्यांना कासऱ्याचा खरखरीत काथ्या आठवला. डोक्याआधी हातांनाच आठवण यावी, असा माझ्या आयुष्यात तो एकच हंगाम आहे.

आम्ही ख्रिस्ती. पोर्तुगीज अमदानीत आमचे पूर्वज बाटले असं लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, देव बदलला, शेत तेच राहिलं. चर्चला आम्ही अजून देऊळच म्हणतो, आणि नव्या भाताची पहिली कणसं देवळात नेल्याशिवाय त्या भाताचा दाणा तोंडात घालत नाही. या सणाला आगेरा म्हणतात. त्या रविवारी सकाळी प्रत्येक घरातलं एक माणूस आपल्या शेतातली जुडी कापून आणतं, घुमट, म्हणजे मडक्याला चामडं ताणलेलं वाद्य, वाजवत सगळे मिळून ठाण्याच्या देवळात जातात, आणि एकेक जण वेदीच्या पायरीवर आपली जुडी ठेवतो. पाद्रीबाबा तीर्थ शिंपडतात. मग ती जुडी घरी येते.

यात एक गोष्ट पाद्रीबाबांना ठाऊक नाही. शेत कोणाचं, हे आमच्या गावात त्या दिवशी ठरतं. कचेरीत काय लिहिलंय ते कोणी विचारत नाही. ज्याच्या हातची कणसं देवळात, त्याचं शेत. एखाद्या वर्षी आजारपणामुळे दुसऱ्याने नेली तर लोक समजून घेतात. दुसऱ्या वर्षीही त्यानेच नेली, की मजूर कापणीचा दिवस त्याला विचारायला जातात, आणि मग सगळं आपोआप होतं. कोणी भांडत नाही, ओरडत नाही. वाईट गोष्टी आमच्याकडे फार शांतपणे होतात.

बाबा गेले तेव्हा मी मुंबईला सिस्टरांच्या शाळेत होते. बाबांची हौस होती, मुलीने इंग्रजी शिकावं. त्या शाळेत मला इंग्रजीत गप्प बसायला शिकवलं. मराठीत मी आधीच गप्प होते. घरी परत आले तर अंगणात आईला सोडून बाकी सगळं लहान झालेलं. आई बाबांच्या जागी उभी होती. खाडीच्या अंगाची आमची एवढी मोठी शेती, पण ती एकटी लावणी करवून घेई, राखण बसवी, मजुरांशी भांडे, मजुरांसाठी भांडे. पुढल्या लावणीत ती बांधावरून पाय घसरून पाठीवर पडली. हाडं जुळली, पण पाठ पहिल्यासारखी झाली नाही. भिंतीला धरून ती घरभर फिरायची, चुलीपाशी बसायची, अंगणात उभं राहून कोंबड्यांना शिव्याही द्यायची. फक्त हादरा सोसत नसे. एक धक्का बसला की पाठीतून कळ निघायची आणि मग कित्येक दिवस अंथरूण.

त्या वर्षी आमची कणसं पास्कूकाकाने नेली. पास्कूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. "वयनी, तू नीज. मी हाय ना," तो म्हणाला. आईने मान हलवली. तेव्हा मलाही ते मायेचंच वाटलं.

मग ईस्टरला आईने देवळात जायचा हट्ट धरला. बाबांची जुनी दमणी होती. छपराची, दोन बैलांची. बाबांच्या वेळी ती गावात मिरवायची, पण आता तिचा साटा, म्हणजे बसायची चौकट, थेट चाकांच्या आसावर बसल्यासारखा झाला होता आणि चाकांच्या लोखंडी धावा ढिल्या होऊन खडखडत होत्या. माजिवड्याहून ठाणं काही लांब नाही, पण त्या रस्त्याला पावसाने आणि भाताच्या गाड्यांनी असे चर पाडलेत की चालणाऱ्या माणसालाही धड चालता येत नाही. अर्ध्या वाटेत आईने माझ्या दंडात नखं रुतवली. ओरडली नाही. "फिरव," एवढंच म्हणाली. त्या दिवसानंतर ती बाहेर पडली नाही.

पाऊस संपत आला तसा पास्कूकाका येऊन ओटीवर बसला.

"वयनी, औंदाची कणसं बी मीच नेतो. तू कशाला तरास घेतंस?"

"मी येणार."

"कशी येशील? उडत?" काका हसला. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "बरं, यायचंच असंल तर चार पोरं लावतो. खाटेवर घालून नेतील."

आईने तांदूळ पाखडायचे थांबवले. "पास्कू, खाटेवरशी देवळात एकदाच जायचं असतं. तवा तू पुढं हो, मी तुना आडवणार नाय. पण औंदा मी बसून जाणार."

काका माझ्याकडे वळला. शाळेतून आल्यापासून तो मला मडम म्हणायचा. "मडम, तुमच्या इंग्रजीत असं पुस्तक नाय का, जे वाचून आई शानी होईल?"

मी खाली बघत राहिले. मला खाली बघायची सवयच आहे. लोकांना वाटतं, ही भित्री किंवा गर्विष्ठ. पण मान खाली घालून चालणाऱ्या मुलीला जगाचं एक अंग दिसतं जे ताठ चालणाऱ्याला दिसत नाही. मला लोकांच्या वहाणा दिसतात, कुत्र्यांची तोंडं दिसतात, गाड्यांची पोटं दिसतात. सिस्टरांच्या शाळेत एका घोड्याची शिग्राम गाडी होती. रविवारी आम्ही मुली रांगेत उभ्या राहायचो आणि थोरल्या सिस्टर तीत चढायच्या. चांगल्या वजनदार बाई. त्या चढल्या की बाकीच्या मुली तोंडावर रुमाल धरून हसायच्या. मी खाली बघत असायचे. गाडीच्या पोटाखाली पोलादाच्या वाकवलेल्या पात्यांची चळत होती, लांब पात्यावर आखूड, त्यावर त्याहून आखूड. सिस्टर बसल्या की ती कमान हळूच दबायची, जरा हेलकावायची आणि स्थिर व्हायची. गाडी खड्ड्यातून गेली तरी चाकाला बसलेला धक्का सिस्टरांपर्यंत पोचायचा नाही. मधे ती कमान तो गिळून टाकायची.

काका बोलत होता आणि मला ती कमान दिसत होती.

ठाण्याच्या बाजारपेठेच्या टोकाला सखाराम लोहाराची भट्टी होती. सखाराम माणूस बडबड्या; त्याच्या ऐरणीपेक्षा त्याच्या तोंडाचा आवाज मोठा. मी गेले आणि उभी राहिले. तो बोलत राहिला. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"बाय, विळ्याला धार लावायची का तोंडाला?"

"दमणीला कमानी लावायच्यात," मी म्हणाले.

त्याने हातोडा खाली ठेवला. "बैलगाडीला? कमानी सायबाच्या गाडीला असतात. बैलांनी काय नाच करायचाय?"

मी त्याला आईची पाठ सांगितली. आगेऱ्याचंही सांगितलं. तो हिंदू, पण सगळं समजला, कारण त्याच्याही गावात पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून डोकी फुटतात. मग म्हणाला, कल्याणला एका भाताच्या व्यापाऱ्याची शिग्राम वखारीमागे मोडून पडली आहे. आस तुटला, घोडा विकला, पण पोलाद शाबूत आहे. व्यापारी तिच्यात कोंबड्या डालतो.

ती शिग्राम मी स्वतः पाहिली. कल्याणच्या बंदरावर तांदळाच्या पोत्यांचे डोंगर, मचव्यांच्या शिडांची फडफड, हमालांच्या शिव्या, आणि त्या सगळ्याच्या मागे चिंचेखाली, मखमली गादीवर अंडी उबवत बसलेली एक काळी कोंबडी. मला फार हसू आलं. व्यापाऱ्याला कोंबड्यांसाठी खुराडं हवं होतं. आमच्याकडे बाबांनी केलेलं लाकडाचं, चांगलं मजबूत, एक जादा खुराडं रिकामं पडलं होतं. अशी अदलाबदल झाली. दोन कमानी पोत्यांवर पडून मचव्यातून खाडीने ठाण्याला आल्या. सखारामच्या कामापोटी दमणीच्या बाजूच्या जाड सागवानी फळ्या त्याला द्यायचं ठरलं. त्या काढायच्याच होत्या. त्यांचं ओझं आमचे म्हातारे बैल इतकी वर्षं उगाचच वाहत आले होते.

मग आमच्या अंगणात दमणी उघडी पडली. फळ्यांच्या जागी बांबूचे तट्टे आले. धावा भट्टीत लाल करून पुन्हा चाकांवर चढवल्या, वर पाणी ओतलं, आणि वाफेच्या ढगात लोखंड आकसून लाकडाला अशी मिठी मारून बसलं की खडखड कायमची गेली. आसाला नवं वंगण घातलं. आत बसायला फळीऐवजी मी काथ्याची वीण घातली, खाटेला घालतात तशी, जरा सैल. बोटं सोलली. साटा आणि कमानी यांच्यामधे बाबांच्या जुन्या खोगिराचं चामडं घातलं, लोखंडावर लाकूड आपटू नये म्हणून. कमानींमुळे साटा उंच झाला आणि दांडी बैलांच्या मानेला जुळेना, तेव्हा सखारामने दोन दिवस ती खाली उतरवून बसवण्यात घालवले आणि त्या दोन दिवसांत बैलांना, कल्याणच्या व्यापाऱ्याला आणि इंग्रज सरकारला शिव्या दिल्या.

गाव कुंपणाला टेकून बघत होतं. "मडम आता घोडा आणणार." "घोडा नाय, आगीनगाडीचं इंजन जोडणार हाय." एका म्हातारीने विचारलं, "नवरा मिळत नाय म्हणून गाडी सजवते का गो?" मी वीण घालत राहिले. माझं शिक्षण, माझं लग्न, माझं गप्प बसणं, या सगळ्यांवर लोकांनी बोलून घेतलं. मला पहिल्यांदाच ते लागत नव्हतं. हातात काम असलं, आणि ते काम कोणाच्या तरी मनाविरुद्ध चाललेलं असलं, की अंगात एक ऊब येते. ती ऊब मला शाळेत कधी आली नव्हती. तिथे आम्हाला रोज सांगायचे की सोसणं हा बाईचा दागिना आहे. मी आईकडे बघायचे. तिच्या अंगावर तो दागिना कुठेच दिसत नव्हता.

चूक आम्ही केली ती मात्र अगदी आमच्या गावाला शोभेल अशी. गाडी म्हणजे भात वाहायची वस्तू, हे आमच्या हाडांत आहे. सखारामने कमानींतली सगळी पाती घट्ट बांधली, वर आपल्याकडचं एकेक जादा पातं चढवलं, आणि गाडीची परीक्षा घ्यायला आम्ही काय ठेवलं? भाताच्या गोणी. गोणी भरून दमणी नाक्यापर्यंत नेऊन आणली. वर भरलेला पाण्याचा तांब्या ठेवला होता, त्यातलं पाणी फारसं सांडलं नाही. गोणी कशा लोण्यावरून गेल्यासारख्या आल्या. सखारामने मिशीवर हात फिरवला. कुंपणापाशी उभ्या काकाचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी गोणी उतरवून आईला बसवलं. पहिल्याच चरात गाडीने तिला चेंडूसारखं उडवलं. मी बैल थोपवले. आई डोळे मिटून, दोन्ही हातांनी तट्टे धरून बसली होती. ओठ पांढरे.

कुंपणावरून काका म्हणाला, "बास झालं गो, मडम. आईला मारशील."

मला वाटलं, खरंच बास. मी कासरा सोडलाही. तेवढ्यात आईने डोळे उघडले आणि ती खेकसली, काकावर नाही, माझ्यावर.

"मी काय भाताची गोण हाय? मना बघून बांधली का गाडी, का वखारीला बघून?"

मी तिच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांत बघितलंच नव्हतं. लुगड्याच्या घड्यांत आई कुठेतरी आत गेली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढतील इतका हात बारीक झालेला. शेतात उभी राहिली की वाऱ्याला अडवणारी माझी आई, आणि आता ती सगळी मिळून एका गोणीएवढीही भरत नव्हती. त्या कमानीला ती बसल्याचं कळलंच नव्हतं. सिस्टर बसल्या की कमान दबायची, कारण कमान सिस्टरांसाठी होती.

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. आईच्या पाठीचा, बांधाचा, काकाच्या मायेचा, सगळ्याचा राग.

"पाती काढा," मी सखारामला म्हणाले.

"काय?"

"वरची चढवलेली काढा. आतलीही काढा. आई बसल्यावर कमान दबली पाहिजे."

सखाराम चिडला. "बाय, लोहार पातं घालतो. काढत नाय. मोडली तर बाजारात माझं नाव जाईल."

"आई आणि मी, दोघींचंच वजन आहे. गोणी यात पुन्हा कधी जाणार नाहीत."

"मोडंल," कुंपणावरून काका म्हणाला.

सखारामने काकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकाचं बोलणं त्याला माझ्यापेक्षा जास्त झोंबलं असावं. "ठीक हाय," तो म्हणाला. "मोडली तर ही मी केली नाय. टिकली तर मी केली."

एक पातं काढलं, आईला बसवलं, अंगणातल्या अंगणात गाडी ढकलली. आणखी एक काढलं. असं करता करता एका वेळी आई बसली आणि गाडी श्वास सोडल्यासारखी जराशी खाली आली. आम्ही चाकाखाली दगड घालून गाडी त्यावरून नेली. चाक उचललं, आपटलं. वर आई नुसती डोलली, पाण्यातल्या होडीसारखी. तिने तट्टे सोडले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता मना कळतंय," ती म्हणाली.

आगेऱ्याच्या सकाळी मी उजाडताना शेतात गेले. दंवाने कणसं जड झालेली. खाडीच्या बाजूच्या कोपऱ्यात ताजी कापलेली खुंटं दिसली, ओल्या कडांची. माझ्याआधी कोणीतरी येऊन जुडी कापून नेली होती. मी तिथेच शेजारी माझी जुडी कापली. घरी आले तेव्हा आई सणाचं लुगडं नेसून ओटीवर बसली होती. मी तिला काही सांगितलं नाही. तिने जुडी मांडीवर घेतली, लेकराला घ्यावं तशी.

गाव पायी, घुमट वाजवत, पुढे गेलं होतं. मी कासरा हातात घेतला. गावातल्या कोणत्याही बाईने देवळाकडे गाडी हाकलेली मी पाहिली नव्हती. वाटेत चर आले, खड्डे आले, ईस्टरला जिथून फिरलो ती जागा आली. मी मागे वळून बघितलं नाही. मला भीती वाटत होती. मागून आईचा आवाज आला, ती बैलांना म्हणत होती, "चला रे, म्हाताऱ्यांनो, मी बसलेय तर तुम्ही का लंगडता?"

देवळात रांग वेदीकडे सरकत होती. आई माझ्या खांद्याला धरून पायऱ्या चढली, सावकाश. लोक वळून बघू लागले आणि वाट होत गेली. पुढे पास्कूकाका उभा होता. त्याच्या हातात दोन जुड्या होत्या.

"पास्कू," आई म्हणाली. हळू नाही, मोठ्याने. "एक जुडी तुझी. दुसरी कोणाची रे?"

"वयनी, तू बस तिकडं. मी ठेवतो ना."

"ठेवशील ते खरं. कोणाची, ते विचारलं."

घुमट थांबलेलं. पाद्रीबाबा हातात तीर्थाचं भांडं घेऊन बघत राहिलेले. मला सगळ्यांच्या वहाणा दिसत होत्या. मग मी मान वर केली. देवळाचं छत इतकं उंच आहे, हे मी लहानपणापासून तिथे जाऊनही कधी नीट पाहिलं नव्हतं.

"आमची," मी म्हणाले. आवाज छताला लागून परत आला. "आमच्या शेताची आहे, काका. सकाळी खुंटं बघितली मी."

कोणीतरी खोकलं. काकाने जुडी पुढे केली. आईने ती घेतली, आपल्या जुडीवर ठेवली, आणि दोन्ही मिळून स्वतःच्या हाताने पायरीवर ठेवल्या. एका शेताच्या दोन जुड्या देवाला जास्त झाल्या नाहीत.

परतताना आई म्हणाली, "सरळ घरी नको नेऊस. गावातशी ने." म्हणून मी गावातून नेली, प्रत्येक दारावरून, बैलांच्या चालीने. बाया ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. आई कोणाशी बोलली नाही, फक्त सगळ्यांना दिसली. ताठ, डोलत, मांडीवर आशीर्वादाची कणसं. लग्नाचं विचारणारी ती म्हातारी गाडीच्या पोटाखाली वाकून बघत होती.

पास्कूकाका आमच्याआधी पोचून आपल्या दारात उभा होता. आत जावं की उभं राहावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"थांब गो," आई म्हणाली.

मी बैल थांबवले. कमान हळूच डोलली आणि स्थिर झाली.

"पास्कू, कापणीला मानसं लागतील," आई म्हणाली. "दिवस मी कळवीन. कोयता घेऊन ये. मजुरी भातात देईन, सगळ्यांना देते तेवढीच."

काकाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, आणि आईनेही विचारलं नाही. तिने जुडीतलं एक कणीस ओढून काढलं, दाणा दाताखाली फोडला, आणि मला म्हणाली, "अजून जरा कच्चा हाय. हाक."